संकरित गाडीचा धूर : बचत कोठे होते आणि प्रश्न कोठे उरतो

चौकात तांबड्या दिव्यापाशी उभी असलेली गाडी तसूभरही पुढे सरकत नाही. तरीही तिचे इंजिन चालू असते, पेट्रोल जळत असते आणि मागच्या नळीतून धूर बाहेर पडत असतो. दिवा हिरवा होताच गाडी वेग घेते आणि पुढच्या चौकात ब्रेक दाबून तो सारा वेग उष्णतेच्या रूपाने हवेत उधळून देते. शहरातील वाहतुकीचा हा नित्याचा क्रम आहे. हा अपव्यय टाळण्यासाठी जी गाडी निर्माण झाली तिला हायब्रीड, म्हणजेच संकरित गाडी असे म्हणतात. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विद्युत मोटर व बॅटरीही असते.

अशी गाडी कमी पेट्रोल जाळते, हे खरे आहे. परंतु कमी पेट्रोल जाळणारी गाडी प्रत्येक क्षणी कमी विषारी धूर सोडते, असा निष्कर्ष त्यावरून काढणे योग्य ठरणार नाही. संकरित गाडीचे इंजिन वारंवार बंद होते व पुन्हा सुरू होते, आणि इंजिन सुरू होण्याचा क्षण हाच धुराच्या दृष्टीने सर्वांत वाईट क्षण असतो. हा दोष दूर करण्यासाठी अभियंत्यांनी कोणते उपाय योजले, त्यांना कितपत यश आले आणि कोणता प्रश्न अद्याप शिल्लक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

धुराचे दोन प्रकार

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. गाडीतून बाहेर पडणाऱ्या वायूंचे दोन गट पडतात. पहिला गट कार्बन डायऑक्साइडचा. हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवितो आणि त्याचे प्रमाण जळलेल्या पेट्रोलवर अवलंबून असते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम भरते व त्यात सुमारे ६४० ग्रॅम कार्बन असतो. जळताना १२ भाग कार्बन हवेतील ३२ भाग ऑक्सिजनशी संयोग पावून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून ६४० ग्रॅम कार्बनापासून सुमारे २,३५० ग्रॅम वायू निर्माण होतो. पाऊण किलो वजनाच्या इंधनातून सव्वादोन किलोंहून अधिक वायू कसा निघतो, हा विद्यार्थ्यांना नेहमी पडणारा प्रश्न या हिशेबाने सुटतो.

दुसरा गट प्रत्यक्ष विषारी घटकांचा. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण हे त्यातील प्रमुख होत. यांचे प्रमाण केवळ इंधनाच्या खपावर ठरत नाही. इंजिन थंड आहे की गरम, हवा व पेट्रोल यांचे मिश्रण अचूक आहे की नाही आणि धूर शुद्ध करणारे पात्र तापलेले आहे की नाही, यांवर ते ठरते. पहिल्या गटात संकरित गाडीला जवळजवळ आपोआप लाभ मिळतो. दुसऱ्या गटात तो परिश्रमाने मिळवावा लागतो.

थांबण्यातील बचत

इंजिन व विद्युत मोटर एकत्र जोडण्याची कल्पना नवीन नाही. फर्डिनांड पोर्श यांनी इ.स. १९०० च्या सुमारास अशी गाडी बनविली होती. परंतु मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली संकरित गाडी म्हणजे टोयोटा कंपनीची प्रियस होय. ती डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आली. भारतात प्रियस २०१० साली आली. तथापि आपल्याकडे संकरित गाड्यांचा खरा प्रसार २०२२ नंतर झाला. त्या वर्षी मारुती सुझुकीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर व होंडाची सिटी या गाड्यांचे संकरित प्रकार बाजारात आले.

या गाडीत ब्रेक दाबला की प्रथम मोटर जनित्राचे काम करू लागते. चाकांची गती तिला फिरविते, वीज तयार होते आणि ती बॅटरीत साठते. हा लाभ किती, याचा साधा हिशेब मांडता येईल. १,४०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे १९४ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२,००० किलोज्यूल ऊर्जा असते; पण त्यातील चौथाच भाग चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर उपयोगी पडणारी ऊर्जा ८,००० किलोज्यूल एवढीच उरते. म्हणजे गाडीला हा वेग देण्यासाठी सुमारे २४ मिलिलिटर, चहाचे जवळजवळ पाच चमचे पेट्रोल खर्च होते. साध्या गाडीत प्रत्येक वेळी थांबताना ते वाया जाते. संकरित गाडीने त्यातील निम्मी ऊर्जा जरी परत मिळविली, तरी एका थांब्यामागे १२ मिलिलिटर पेट्रोल वाचते. ताशी ४० किलोमीटर वेगावरून थांबल्यास हेच आकडे निम्म्याहूनही कमी होतात, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

यावरून हेही ध्यानात येईल की, वारंवार थांबावे लागणाऱ्या शहरी रस्त्यावर या गाडीचा लाभ अधिक असतो आणि मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना तो बराच घटतो.

इंजिनाचीच पुनर्रचना

ब्रेकमधून मिळणारी वीज हा बचतीचा एक भाग झाला. दुसरा तितकाच महत्त्वाचा भाग इंजिनाच्या रचनेत आहे. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात असे इंजिन बनविले होते की, ज्यात वायूच्या प्रसरणाचा टप्पा संपीडनाच्या टप्प्यापेक्षा लांब होता. जळलेल्या वायूला अधिक प्रसरण पावू दिले म्हणजे त्यातून अधिक काम काढून घेता येते, हे त्यामागील तत्त्व. आधुनिक संकरित गाड्यांत हा परिणाम वेगळ्या युक्तीने साधतात. दट्ट्या वर येऊ लागला तरी आत घेणारी झडप काही काळ उघडीच ठेवतात. त्यामुळे थोडे मिश्रण परत बाहेर ढकलले जाते, संपीडन कमी होते आणि प्रसरण मात्र पूर्ण लांबीचे मिळते.

या पद्धतीत एक उणीव आहे. इंजिनाचा जोर कमी पडतो, विशेषतः मंद वेगात. एरवी अशी गाडी चढावर रेंगाळली असती. संकरित गाडीत ती उणीव मोटर भरून काढते, कारण मोटरीचा जोर पहिल्याच फेऱ्यापासून पूर्ण असतो. अशा रीतीने मोटरीची साथ मिळाल्यामुळेच काटकसरी इंजिन वापरणे शक्य झाले. दोहोंचा संकर कागदावर दिसतो त्याहून अधिक सखोल आहे, तो या अर्थाने.

पुढे सुधारणा होत गेल्या. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये पाण्याचा पंप विजेवर चालू लागला व इंजिनावरील पट्टे नाहीसे झाले. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्याची सोय झाली. हा वायू स्वतः जळत नाही. तो ज्वलनाचे तापमान खाली आणतो आणि त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ३८.५ टक्के होती. २०१५ च्या चौथ्या पिढीत ती ४० टक्क्यांवर गेली. दीड टक्क्याचा हा फरक वाचताना किरकोळ वाटतो. परंतु त्यामागे वायूचे वहन, घर्षण व शीतन या प्रत्येक अंगातील बारीकसारीक सुधारणांची सहा वर्षे आहेत.

थंड इंजिनाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पेट्रोल गाडीच्या धुराच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे पात्र असते. त्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे धातू कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या तिन्ही घटकांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर घडवून आणतात. आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना हे पात्र सक्तीचे झाले. परंतु हे पात्र सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सियस तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. गाडी सुरू झाल्यावर ते तापेपर्यंतचा अल्प काळ सोडला, तर पुढील सारा प्रवास बहुतांशी स्वच्छ असतो. संपूर्ण फेरीतील विषारी धुराचा मोठा वाटा त्या पहिल्या एकदोन मिनिटांतच बाहेर पडतो.

साध्या गाडीत हा काळ एकदा येतो व संपतो. संकरित गाडीत मात्र इंजिन लांब वेळ बंद राहिले, तर पात्र पुन्हा निवू लागते. त्यावर योजलेले उपाय असे आहेत.

पहिला उपाय इंजिन सुरू करण्याच्या पद्धतीत आहे. साधा स्टार्टर इंजिनाला मिनिटास दोनअडीचशे फेरे देतो व त्या अडखळत्या गतीतच पेट्रोल सोडावे लागते. ते पुरते जळत नाही. संकरित गाडीतील शक्तिमान मोटर इंजिनाला आधी सुमारे हजार फेऱ्यांपर्यंत नेते आणि मगच पेट्रोल सोडले जाते. पहिल्या ठिणगीपासून ज्वलन सुधारते.

दुसरा उपाय गाडीच्या नियंत्रणात आहे. सकाळी प्रथम गाडी सुरू केल्यावर सुमारे मिनिटभर गाडी बॅटरीवर चालवितात आणि इंजिनावर भार न टाकता ते मंद फिरत ठेवतात. या काळात ठिणगी मुद्दाम उशिरा टाकली जाते, म्हणजे उष्णता धुराबरोबर जाऊन पात्र लवकर तापते. साध्या गाडीच्या इंजिनाला अशी सवड मिळत नाही. त्याला निघाल्या क्षणापासून भार ओढावा लागतो.

तिसरा उपाय उष्णता जपण्याचा. दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांत चक्क एक थर्मास बसविला होता. इंजिनातील सुमारे तीन लिटर गरम द्रव त्यात साठवून ठेवीत. तो तीन दिवसांपर्यंत गरम राही, आणि पुन्हा गाडी सुरू करण्यापूर्वी इंजिनात फिरवून सिलिंडरचा माथा कोमट करीत. तिसऱ्या पिढीत थर्मास गेला आणि त्याच्या जागी धुरातील वाया जाणारी उष्णता शीतक द्रवाला देणारी यंत्रणा आली. अलीकडे काही गाड्यांत विजेने तापणारे पात्रही वापरतात. मोठी बॅटरी हाताशी असल्यामुळे हे सुलभ झाले आहे.

अधिक हवेचा उपद्रव

एक सूक्ष्म प्रश्न याहून कमी परिचित आहे. इंजिन पेट्रोलविना फिरते तेव्हा निव्वळ हवा धुराच्या पात्रातून जाते. पात्रातील सेरियमचे ऑक्साइड ऑक्सिजन साठवून ठेवते. हा साठा पूर्ण भरला की, पुढच्या वेळी इंजिन सुरू होताना नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन होत नाही. इंजिन जितक्या वेळा बंद व सुरू होईल, तितक्या वेळा हा धोका उद्भवतो. म्हणून नियंत्रक यंत्रणा सुरुवातीस क्षणभर पेट्रोल किंचित अधिक सोडून तो साठा उतरविते. ते प्रमाणाबाहेर गेले तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि कमी पडले तर नायट्रोजनची ऑक्साइडे निसटतात. पात्राच्या अलीकडे व पलीकडे बसविलेले संवेदक हा तोल सांभाळतात. संवेदक बिघडलेला असूनही गाडी चालताना चालकास काही जाणवत नाही. म्हणूनच इंजिनाचा पिवळा दिवा लागल्यावर तो दुर्लक्षित करणे अयोग्य होय.

टाकीतील पेट्रोलच्या वाफेचीही अशीच अडचण असते. ती कोळशाच्या डब्यात शोषून घेतात व इंजिन चालू असताना त्यातून ओढून जाळतात. इंजिनच कमी चालले तर डबा रिकामा होण्यास अवधी मिळत नाही. यासाठी प्रियसच्या पहिल्या दोन पिढ्यांत अमेरिकेतील गाड्यांना लवचीक पिशवीची टाकी होती, आणि बाहेरून वीज भरल्या जाणाऱ्या काही गाड्यांत दाब सहन करणारी बंद टाकी बसवितात. तसेच सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांतून काजळीचे सूक्ष्म कण अधिक निघतात. त्यांसाठी गाळणी बसवावी लागते किंवा झडपेआधी फवारण्याची जुनी पद्धत जोडीला ठेवावी लागते.

घाटातील परीक्षा

बेळगावहून कोकण व गोव्याकडे उतरणारे आंबोली, चोर्ला व अनमोड हे घाट आपल्या भागातील वाचकांच्या परिचयाचे आहेत. संकरित गाडीच्या मर्यादा समजून घेण्यास घाटासारखे दुसरे उदाहरण नाही. १,४०० किलोची गाडी ६०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ८,२०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या मीटरवरील सव्वादोन युनिटांहून अधिक ऊर्जा मोकळी होते. यातील बराच भाग हवेच्या व रस्त्याच्या रोधात जातो. तरीही जो उरतो तोदेखील सर्व साठविता येत नाही, कारण आपल्याकडील लहान संकरित गाड्यांची बॅटरी एका युनिटाच्या आतबाहेरच असते आणि तिचाही मधला भागच वापरात आणतात. परिणामी घाट संपण्याआधीच बॅटरी भरते. मग ऊर्जा खर्चून टाकण्यासाठी मोटर इंजिनाला पेट्रोलविना फिरवू लागते. वर सांगितलेला अधिक हवेचा उपद्रव येथे पुन्हा उद्भवतो, आणि भरीस भर म्हणून पात्रही निवते.

यावर दोन मार्ग आहेत. बॅटरी मोठी करावी; पण तिचे वजन व किंमत वाढते. किंवा पुढे उतार आहे हे नकाशावरून आधीच ओळखून माथ्यावर पोहोचेपर्यंत बॅटरी रिकामी करावी. जपानमधील काही गाड्यांत ही दुसरी योजना प्रत्यक्षात आली आहे.

कागदावरील आकडा आणि रस्त्यावरील धूर

येथवर वर्णिलेल्या सुधारणांचे फळ नागरिकाच्या पदरात पडते की नाही, हे मोजमापावर अवलंबून आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही मानके लागू झाली. पेट्रोलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले, आणि पेट्रोल गाडीस नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोमीटरला ६० मिलिग्रॅम ठरली. परंतु प्रयोगशाळेतील रुळांवर ठरावीक वेगाने चालविलेली गाडी आणि बाजारपेठेतून वाट काढणारी गाडी यांत अंतर असते. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांच्या मान्यतेसाठी मोजणीचे उपकरण गाडीवरच बसवून प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा घेण्याची तरतूद लागू झाली.

हे अंतर किती मोठे असू शकते, याचे उदाहरण युरोपात मिळते. बाहेरून वीज भरल्या जाणाऱ्या संकरित गाड्यांविषयी युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार, त्यांचा प्रत्यक्ष कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. गाड्या गृहीत धरल्याइतक्या वेळा विजेवर भरल्या व चालविल्या जात नव्हत्या, हे त्याचे मुख्य कारण. याच गाड्यांत दुसराही दोष आढळतो : विजेवर वेगाने जात असता चालकाने एकदम जोर मागितला की थंड इंजिन एकाएकी पूर्ण भाराखाली सुरू होते. कॅलिफोर्निया राज्याने २०२२ साली मंजूर केलेल्या नियमांत अशा क्षणाच्या धुरावर स्वतंत्र मर्यादा घातली.

शासनाच्या दृष्टीने यातून एक बोध घेण्यासारखा आहे. ‘संकरित’ हे नाव एक असले तरी त्याखाली भिन्न गाड्या येतात. केवळ इंजिनास हातभार लावणाऱ्या लहान मोटरीची सौम्य संकरित गाडी आणि मोटरीवर स्वतंत्रपणे चालू शकणारी पूर्ण संकरित गाडी यांच्या धुरात मोठा फरक असतो. केंद्र शासनाच्या फेम योजनेत आरंभी सौम्य गाड्यांनाही अनुदान होते. १ एप्रिल २०१७ पासून त्यांना वगळण्यात आले. सार्वजनिक पैसा नावाला न देता प्रत्यक्ष कमी झालेल्या धुराला दिला जावा, हेच तत्त्व येथे दिसते.

आपण काय करावे?

गाडीच्या मालकाने काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. ब्रेक लांबूनच व हळुवार दाबावा. एकदम दाबल्यास मोटरीला वीज साठविण्यास सवड मिळत नाही व काम साध्या ब्रेकवर पडते. टायरमधील हवा योग्य राखावी. अनेक गाड्यांत मागील आसनापाशी बॅटरी थंड ठेवणारी हवेची जाळी असते. तिच्यासमोर सामान रचू नये व तिच्यातील धूळ काढावी. अगदी जवळच्या कामासाठी पायी जाणे उत्तम, कारण अशा फेरीत पात्र तापण्यापूर्वीच प्रवास संपतो.

पी.यू.सी. तपासणी करणाऱ्यांनीही दक्षता घ्यावी. उभ्या गाडीचे इंजिन आपोआप बंद झाले असता नळीला लावलेले यंत्र काहीच दाखविणार नाही, आणि त्यावरून गाडी निर्दोष ठरविणे चुकीचे होईल. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने इंजिन चालू ठेवून व गरम करूनच नोंद घेतली पाहिजे.

शिक्षकांना वर गतिज ऊर्जा, कार्बन व घाट यांविषयी केलेले तिन्ही हिशेब आठवी-नववीच्या वर्गात करून घेता येतील. आपल्या गावातील रस्त्यावर बस किंवा गाडी किती वेळा थांबते, हे मोजून विद्यार्थी स्वतःचे आकडेही मांडू शकतील.

संकरित गाडी हा धुराच्या प्रश्नाचा अंतिम तोडगा नव्हे. ती अखेर पेट्रोल जाळतेच. परंतु जोवर पेट्रोल जळत राहणार आहे, तोवर ते थोडे, पूर्णपणे आणि तापलेल्या पात्रातून जळावे, यासाठी झालेले प्रयत्न मोलाचे आहेत. गाडीच्या मागे चालणाऱ्या शाळकरी मुलाच्या श्वासात जाहिरातीतील आकडा जात नाही, तर नळीतून त्या क्षणी निघालेला धूर जातो. सुधारणा खरी की खोटी, हे तेथेच मोजले गेले पाहिजे.